गोरक्षनाथाची बुडी

गोरक्षनाथाने ती किटली मोडीत घातली असेल का, हा प्रश्न तीन दिवस इंदूचा पिच्छा सोडत नव्हता. कोथिंबीर निवडताना, शोभाच्या कपाळाला उगाच हात लावून बघताना, नळाच्या रांगेत उभी असताना तो मध्येच उठायचा आणि हातातले काम तिथेच थांबायचे. माणूस राजूरला गेला होता. तिथे त्याचे घर होते, भाताची खाचरे होती, बायको राहीबाई होती; तो उपाशी राहणार नव्हता. पण नगर सोडताना तो मंडळाच्या रखवालदाराला म्हणाला होता, "आता हिचं काय काम? राजूरच्या बाजारात मोडीत घालतो आन् मोकळा व्हतो." रखवालदाराने हे हसत हसत सांगितले, तेव्हा इंदूला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग तिला आठवले, की गोरक्षनाथाला घालवणाऱ्या अर्जावर रखवालदाराची सही नव्हती. तिथे वळणदार अक्षरात लिहिले होते, 'सौ. इंदू शामकांत पुराणिक, बी. एस्सी.'

ते 'बी. एस्सी.' तिने मुद्दाम लिहिले होते.

गोरक्षनाथ अकोले तालुक्यातला, राजूरचा. चाळीस साली पलटणीत भरती व्हायला गेला, तेव्हा साहेबाने विचारले, तुला काय येते? त्याने खरे तेच सांगितले, की भात रांधता येतो. झाले, बंदुकीऐवजी हातात झारा आला. पलटणीत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. लांगरी गोरक्षनाथ आधी आफ्रिकेच्या वाळवंटात गेला, मग बोटीतून इटलीत उतरला. लढाईच्या गोष्टी तो सांगत नसे. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचा, "आमच्या डोंगरातली पोरं थितं नदीकाठी निजली, आन् मी डाळ शिजवत हुतो. काय सांगायचं त्यात?"

एक गोष्ट मात्र तो सांगायचा. नेपल्सच्या अलीकडे एका गावात पलटण विसाव्याला थांबली होती. तिथली एक म्हातारी शिपायांचे कपडे धुऊन द्यायची. गोरक्षनाथ तिला अधूनमधून मूठपसा साखर, मैदा नेऊन देई. एका दुपारी तिने त्याला ओट्याशी बसवले, गल्लीतल्या दुकानातून आईस्क्रीमचा गोळा आणला, वाटीत ठेवला आणि वरून वाफाळती काळी कॉफी ओतली. त्या पदार्थाला ते लोक 'अफोगातो' म्हणतात. म्हणजे काय, हे सांगायला म्हातारीने गळ्यापाशी हात नेला, डोळे फिरवले आणि ओट्यावर मान टाकून बुडालेल्या माणसाची नक्कल केली. गोरक्षनाथ खूप हसला. मग त्याने चमचा तोंडात घातला आणि हसायचा थांबला. वर पोळणारे, आत गारेगार. आधी कडू, मागाहून गोड. त्याने अशी वस्तू जन्मात खाल्ली नव्हती.

निघायच्या दिवशी म्हातारीने त्याला आपली जुनी किटली दिली. दोन भांडी तोंडाला तोंड लावून बसवलेली, मध्ये भोकाभोकांची वाटी. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या वाटीत कॉफीची पूड, आणि वरच्या भांड्याची चोच चक्क जमिनीकडे. पाणी उकळून बारक्या छिद्रातून वाफ फुसफुसली, की दोन्ही कान धरून सगळी किटली एका झटक्यात पालथी करायची. मग उकळते पाणी पुडीतून थेंबथेंब खाली उतरते आणि चोच सरळ होते. ही किटली त्याने बोटीतून, रेल्वेतून, ट्रकमधून कापडात गुंडाळून आणली. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणतात, तसे कुणी तिला जर्मनची किटली म्हटले, की गोरक्षनाथ भडकायचा. "जर्मन आमच्यावर गोळ्या झाडत हुता. ही इटलीची हाय."

पलटण सुटल्यावर काही वर्षे तो नगरला साहेबलोकांच्या मेसमध्ये होता. पुढे गावातल्या क्रीडा मंडळाने आपल्या मैदानाच्या कडेची पत्र्याची शेड त्याला उपाहारगृहासाठी दिली. चहा, भजी, पोहे वर्षभर मिळत. पण होळी झाली, की राहीबाई राजूरहून यायची, आईस्क्रीमचा पॉट काढायची आणि बुडीचे दिवस सुरू व्हायचे. 'बुडी' हे नाव त्यानेच ठेवले होते. दूध तो स्वतः आटवायचा, निम्म्यावर येईपर्यंत. कॉफीच्या बिया तव्यावर काळ्याशार, तेल सुटेतो भाजायचा, तेव्हा धूर पार रस्त्यापर्यंत जायचा. राहीबाई लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून पॉटची मूठ फिरवत बसायची आणि नवऱ्याला सुनवायची, की म्हातारीने याला किटली दिली तशी मूठ फिरवायला एक माणूसही द्यायचे होते. तो म्हणायचा, "तीच येत हुती. मीच न्हाई म्हनलं, घरी वाघीन हाय."

त्याचे नियम कडक होते. बुडी घरी नेता येणार नाही, इथेच खायची. तोंडात पान असेल तर आधी चूळ भरून यायचे. आणि ढवळायचे नाही. एकदा एका वकिलाने चमच्याने सगळे एक करायला घेतले, तर गोरक्षनाथाने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. "त्याचं त्याला बुडू द्या," तो म्हणाला. वकील रागावून गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

इंदूने पहिली बुडी खाल्ली ती शोभाला मैदानावर सोडायला गेली तेव्हा. शोभा नऊ वर्षांची, एकुलती. इंदूचा स्वभाव असा, की पर्समध्ये रुमालाआधी थर्मामीटर असायचा. शाळा सुटायच्या वेळेच्या आधी वीस मिनिटे ती फाटकाशी उभी असायची. मैदानावर पोर खो-खो खेळू लागली, की ही लिंबाखालच्या बाकावर बसून तिच्या गुडघ्यांकडे बघत राहायची. गोरक्षनाथाने एक दिवस न विचारता वाटी आणून समोर ठेवली. म्हणाला, "वैनी, तिला पडू द्या जरा. ह्ये खा." तेवढी दहा मिनिटे तिने शोभाकडे बघितले नाही. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती बुडी खायची, आणि त्याच बाकावर तिने त्या म्हातारीची उरलेली गोष्ट ऐकली. म्हातारीचा मुलगा इटलीच्या फौजेत होता आणि आफ्रिकेत मेला होता. "आमच्याच पलटणीच्या गोळीनं मेला असंल," गोरक्षनाथ म्हणाला. "तिला ठाव हुतं आमी कुठनं आलो ते. तरी तिनं दार लावलं न्हाई."

त्या वेळी इंदूला वाटले होते, की अशा बाईपुढे आपण काहीच नाही. आता तेच आठवले, की तिच्या कानशिलांतून वाफा निघत.

एकाहत्तर सालच्या एप्रिलच्या शेवटी शोभाला ताप भरला. शुक्रवारी संध्याकाळी तिने बुडी खाल्ली होती आणि शनिवारी सकाळी अंग तापले. डॉक्टरांनी घसा बघितला, लाल आहे म्हणाले, थंड काही खाल्ले का विचारले. इंदूने सांगितले, तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. त्या एका 'हं'वर पुढचे सगळे उभे राहिले. शेजारच्या आक्काबाई विचारपूस करायला आल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "गारावर कढत ओततो तो मेला. कंदिलाच्या तापल्या चिमणीवर पाणी पडलं तर काच तडकते की नाही? पोरीचं आतडं ते केवढं."

इंदू एरवी आक्काबाईंच्या असल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायची. पण काच तडकते हे खरेच होते. प्रयोगशाळेत तिच्या हातून एकदा चंचुपात्र तडकले होते, गरम असताना थंड पाण्यात बुडवल्याने. त्या रात्री पोर तापाने बरळत होती, आणि इंदूच्या डोक्यात ते चंचुपात्र पुन्हा पुन्हा तडकत होते. सकाळी तिने मंडळाच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. 'काचेचे पात्र ज्याप्रमाणे तापमानातील आकस्मिक फरकामुळे भंगते, त्याप्रमाणे अतिउष्ण व अतिशीत पदार्थांच्या एकत्र सेवनाने बालकांच्या कोमल अन्नमार्गास इजा पोहोचते.' हे वाक्य तिला तेव्हा फार चांगले वाटले. आक्काबाईंचे बोलणे तिने नीट कपडे घालून, पदवी लावून मंडळात पाठवले होते, हे तिला दिसलेच नाही. आक्काबाई स्वतः गेल्या असत्या तर मंडळाच्या लोकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले असते.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शामकांतचे सख्खे चुलते, मार्तंडकाका. वकिली करत, केडगावला पुणे रस्त्यावर मोठा बंगला, आमराई, विहीर. त्यांनी अर्ज वाचून निरोप पाठवला, की सूनबाईने फार मुद्देसूद लिहिले आहे. आठ दिवसांत गोरक्षनाथाला शेड रिकामी करायला सांगण्यात आले.

त्या आठ दिवसांत एकदा गोरक्षनाथ घरी आला. इंदूने दाराची साखळी काढली नाही. फटीतून त्याची टोपी आणि अर्धा चेहरा दिसला.

"पोरगी कशी हाय, वैनी?"

"तुमच्या हातचं खाल्ल्यावर कशी असणार?"

त्याने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "पोरांना मी दोनच चमचे वततो. ती बी निवून." त्याने एक कापडी पिशवी उंबऱ्याशी ठेवली. "घरच्या तांदळाच्या कन्या हाईत. पेज करून द्या. पोटाला हलकं पडंल." तो जिना उतरून गेला. पिशवी संध्याकाळपर्यंत तिथेच होती. मग इंदूने ती भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकली.

दुसऱ्या आठवड्यात ताप उतरेना, म्हणून रक्त तपासले. टायफॉइड निघाला. इथे तरी इंदूने थांबायला हवे होते. टायफॉइड घसा लाल झाल्याने होत नाही, आतडे तडकल्याने होत नाही. तो दूषित पाण्यातून, अन्नातून येतो, हे तिने पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते. पण पोर एकशे तीन-साडेतीन डिग्री तापात पडलेली असताना माणसाला एक नाव लागते. नाव तिच्याकडे तयार होते. तिने नुसते कारण बदलले: त्याचा बर्फ घाण पाण्याचा असणार. आक्काबाईंना तेही पटले. डॉक्टर म्हणाले, आता पेज द्या, तांदळाच्या कण्यांची.

गोरक्षनाथ गेला. शेडला कुलूप लागले.

शोभा मेच्या अखेरीस उठून बसू लागली. केस गळले, पाय काटक्यांसारखे झाले, पण भूक लागली म्हणाली, आणि इंदू स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. चार दिवसांनी, मंगळवारी, ती शोभाला दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या बाकावर मार्तंडकाकांची सून मनकर्णा बसली होती आणि तिच्या मांडीवर डोके टाकून तिचा मुलगा पडला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात याची मुंज झाली होती. डोक्यावर अजून बोटभरच केस होते, आणि चेहरा शोभासारखाच, पांढरा.

इंदूने विचारले, तसे मनकर्णाने आधी इकडेतिकडे बघितले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "महिना उलटून गेला. आमच्याकडे चौघांना झाला, इंदूवहिनी. याला, पुण्याच्या नणंदेच्या दोघांना, आणि स्वयंपाकाला आलेल्या बाईच्या पोराला. सगळे मुंजीतले. मामंजींनी सांगितलंय, कुठं बोलायचं नाही."

"का?"

"कार्याला नाव ठेवतील ना लोक. विहीर उपसून टाकली आता. त्या वेळी पन्ह्याला तिचंच पाणी घेतलं होतं, कच्चं. वरच्या अंगाला गोठा आहे. मी म्हटलं होतं उकळू या, पण तीनशे पानांना कोण उकळत बसतंय?"

इंदूला ते पन्हे चांगलेच आठवत होते. कैरीचे, वेलची आणि केशर घातलेले, पितळी पिंपातून गारेगार. तिने स्वतः शोभाला दुसरा पेला आणून दिला होता आणि मनकर्णाकडे कृती मागितली होती.

वाटेत मंडळाच्या रखवालदाराने गाठून किटलीच्या मोडीची गोष्ट सांगितली, ती ऐकून ती तडक घरी आली. शोभाला निजवले आणि ती ओट्याशी उभी राहिली. मग शाळेतल्या पोराला उत्तर घोकवावे तसे तिने स्वतःला सुनावले. दूध निम्म्यावर येईपर्यंत आटवलेले. कॉफीचे पाणी वाफ सुटेपर्यंत उकळलेले. वाट्या चुलीवरच्या पातेल्यातून काढलेल्या, हे तिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी बघितले होते. बर्फ तर पॉटच्या बाहेर, मिठात. तो वाटीत पडतच नव्हता. मिठाने बर्फ जास्त गार का होतो, हे तिनेच एकदा राहीबाईला समजावून सांगितले होते आणि राहीबाई "व्हय का, म्या आपली फिरवतीय" म्हणाली होती. त्या महिन्यात शोभाने घराबाहेर जे जे तोंडात घातले, त्यात पक्के उकळलेले एकच होते, गोरक्षनाथाची बुडी. आणि बी. एस्सी. झालेल्या बाईने नेमके तेवढेच पकडले होते.

तिला स्वतःचा इतका राग आला, की तिने ओट्यावरचा पेला उचलून मोरीत आपटला. मग तो राग मार्तंडकाकांकडे वळला आणि तिथेच ठाण मांडून बसला. तिची चूक होती. पोरीच्या तापात, भीतीपोटी झालेली. काका घाबरले नव्हते. शेड रिकामी करायचा हुकूम दिला, तेव्हा त्यांच्या घरात नातू तापाने फणफणत होता. कशाने, हे त्यांना ठाऊक होते. पुतणसुनेने अर्ज आयता हातात आणून दिला, आणि त्यांनी मुंजीचे पन्हे गोरक्षनाथाच्या अंगावर ओतून हात धुतले.

बुधवारी तिने दुसरा अर्ज लिहिला. या वेळी चंचुपात्र नाही, कोमल अन्नमार्ग नाही. 'माझी तक्रार चुकीची होती. गोरक्षनाथ यांच्या पदार्थाचा माझ्या मुलीच्या आजाराशी संबंध नाही. त्यांना शेड परत द्यावी.' गुरुवारी ती स्वतः केडगावला गेली. काका दिवाणखान्यात झोपाळ्यावर बसले होते, शेजारी तिवईवर फोन. सगळ्या भाऊबंदांत तेवढाच एक फोन होता. कुणाला परगावी ट्रंककॉल करायचा असला, की तो या दिवाणखान्यातच यायचा, नंबर नोंदवायचा आणि तासभर चहा पीत वाट बघायचा.

काकांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"वाचला," ते म्हणाले. "पण आता याचा उपयोग नाही. रविवारी बैठक आहे. शेड छगनला द्यायचं ठरलंय. बाटलीतली थंड पेयं ठेवणार आहे तो, बंद झाकणाची. स्वच्छ काम."

"मग हा अर्ज बैठकीत वाचा. सभासदांना ठरवू द्या."

"सूनबाई, घरची गोष्ट घरात राहावी."

"शोभा कशाने आजारी पडली, हे तुम्हाला माहीत होतं."

झोपाळा थांबला. काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "अर्ज कुणी लिहिला होता? मी तुझ्याकडे मागायला आलो नव्हतो. उद्या तू म्हणणार विहिरीचं पाणी, परवा म्हणशील आणखी काही. लोक विचारतील, या बाईची पोरगी रोज कशानं आजारी पडते? तुझंच हसं होईल. चहा घेतेस?"

ती चहा न घेता उठली. बसथांब्यापर्यंत चालताना तिच्या लक्षात आले, की काकांनी अर्ज नुसता नाकारला असता तर तो निदान हातात परत मिळाला असता. खिशात घातल्यावर तो लिहिलाच नव्हता असे झाले.

शामकांतला तिने रात्री जेवताना सगळे सांगितले. तो कलेक्टर कचेरीत कारकून, भांडण दिसले की फाईल आतल्या कपाटात ठेवणारा. त्याने भात कालवता कालवता ऐकले आणि म्हणाला, की काका चुकले हे खरे, पण त्यांनी आपल्या लग्नात किती केले. म्हणाला, गोरक्षनाथाचे काय अडले आहे, त्याला शेती आहे. म्हणाला, पोर वाचली ना, मग झाले.

"तुम्हाला माहीत आहे का, तो कण्या घेऊन आला होता," इंदू म्हणाली.

"कोण?"

तिने पुन्हा सांगितले नाही. याच्यावर रागवायचे तर रोजच रागवावे लागेल.

शुक्रवारी ती मैदानावर गेली. शेडचे कुलूप तसेच होते. आत, जाळीतून, लाकडी बादली पालथी पडलेली दिसली. तिथेच रखवालदाराने किटलीच्या मोडीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. पहिल्यांदा मंगळवारी सांगितली होती, दवाखान्यातून येताना. इंदूने विचारले, राजूरचा बाजार कधी? रखवालदार हसून म्हणाला, दर हप्त्याला; येक हुकला असंल तर फुडल्या हप्त्यात घातली असंल. तिने त्याला विचारले, गोरक्षनाथ बोलावले तर येईल का? तेव्हा तो प्रथमच हसायचा थांबला. "बोलावणार कोन?" तो म्हणाला. "मंडळानं लेखी घालवलाय त्याला. लेखी बोलावल्याबिगर यायचा न्हाई. पलटनीतला मानूस हाय."

रात्रभर तिने हिशोब मांडला. चिठ्ठी टाकली तर राजूरला पोचेपर्यंत रविवार उलटेल, आणि तारेच्या चार शब्दांत माफी मावत नाही. मंडळाच्या एकेका सभासदाच्या घरी जावे, तर प्रत्येक जण अध्यक्षांकडे बोट दाखवील. तिसरा अर्ज लिहिला, तर त्यालाही खिसा आहेच. कागदाने जे केले होते ते कागदाने मिटणार नव्हते. मंडळ लेखी बोलावणार नव्हतेच; पण जिच्या सहीने तो गेला, तिच्याच तोंडून माफी ऐकली तर तो कदाचित येईल. बैठकीत गोरक्षनाथ स्वतः उभा राहिला, हातात किटली घेऊन, आणि शेजारी ती उभी राहिली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की मी खोटी ठरले, पाणी विहिरीचे होते, अध्यक्षांना विचारा, तर मात्र कुणाला ते घडी घालून खिशात ठेवता येणार नव्हते. राजूरहून दुपारची एस. टी. धरली तर शनिवारी रात्रीपर्यंत माणूस नगरात येतो. पण त्यासाठी त्याच्या कानावर शब्द शनिवारी सकाळीच जायला हवा होता.

राजूरच्या पोस्टात फोन होता. नाव सांगून कॉल नोंदवला, की पोस्टातला शिपाई त्या माणसाला बोलावून आणतो.

सकाळी तिने शोभाला पेज भरवली, आक्काबाईंना तिच्याजवळ बसायला सांगितले. आक्काबाईंनी विचारले, इतक्या सकाळी कुठे? इंदू म्हणाली, तुमचं आणि माझं एक काम निस्तरायला. आक्काबाईंना काही कळले नाही, पण त्या बसल्या. शामकांत दाढी करत होता. आरशातूनच त्याने बायकोला चप्पल घालताना बघितले.

"कुठे निघालीस?"

"फोन करायला."

"मग पोस्टात जा की. तारऑफिस उघडं असेल आता."

"नाही. केडगावला जाते. काकांकडून करणार."

त्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, अगं, वेड लागलंय का, त्यांच्याच घरातून? इंदूचे ठरले होते. नात्यातल्या कुणाला त्या घरात फोन नाकारला जात नाही. तेवढा मोठेपणा काकांना लागतोच. ती नंबर नोंदवील, राजूर, गोरक्षनाथ, आणि झोपाळ्यासमोरच्या खुर्चीत बसून वाट बघील. मनकर्णा चहा आणील; या वेळी ती चहा घेईल. तासभर लागेल, दोन तास लागतील. शिपाई गोरक्षनाथाला घेऊन येईपर्यंत काकांनाही तिथेच बसावे लागेल, कारण उठून गेले तर घाबरले असे दिसेल.

आणि ट्रंककॉलवर हळू बोलून भागत नाही. राजूरपर्यंत आवाज जायचा तर घसा फोडून ओरडावे लागते; ते बोलणे दिवाणखान्यात, माजघरात, ओसरीवर बसलेल्या अशिलांना, सगळ्यांना ऐकू जाते. इंदू जन्मात कधी वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. आज ती एकेक शब्द ओरडून सांगणार होती. आधी, मी चुकले. मग, ताप विहिरीच्या पाण्याचा होता, मुंजीतल्या पन्ह्याचा. मग, आजच निघा, उद्या बैठकीत मी तुमच्या शेजारी उभी राहते. आणि सगळ्यात शेवटी, किटली घातली असेल मोडीत तर बाजारात जाऊन परत आणा, पण तिच्याशिवाय येऊ नका.

तिने पदर खोचला, पर्समधला थर्मामीटर काढून शोभाच्या उशाशी ठेवला आणि ती केडगावच्या बसकडे निघाली.